महिला हृदय तपासणी पॅकेज : १,४९९ रुपयांत काय मिळालं, काय राहिलं

मी डॉक्टर नाही. कराडला घरी ब्लाउज शिवते, ३० वर्षं होतील आता. महिला दिनाच्या सुमारास एका खासगी हॉस्पिटलचं ‘महिला हृदय तपासणी’ पॅकेज मी आणि वन्सं, दोघी करून आलो. माणशी १,४९९ रुपये. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. कुणाची खोड काढायची नाही, आणि अशी पॅकेजं सगळीकडं थोड्याफार फरकानं हीच असतात.

जायचं कारण माझी धाकटी जाऊ. मागच्या दिवाळीत चकल्या तळताना तिचा जबडा दुखायला लागला, मग पाठ, दोन फऱ्यांच्या मधोमध. दरदरून घाम, मळमळ. छातीत कळ अशी नाहीच, नुसतं दडपल्यासारखं. घरात सगळ्यांचं एकमत, पित्त! सकाळपासून उपाशीपोटी कढईसमोर बसल्यावर दुसरं काय होणार? लिंबू-सोडा झाला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून पित्ताची गोळी आली, आणि बाई उरलेले दोन घाणे काढूनच आडव्या झाल्या. रात्री दम लागला तेव्हा १०८ ला फोन केला. पहिला ईसीजी जवळजवळ नॉर्मल आला. थोड्या वेळानं दुसरा काढला, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) वाढलेलं निघालं, मग अँजिओप्लास्टी आणि एक स्टेंट. वय ५१, साखर ९ वर्षांची. साखरेनं नसा बोथट होतात, म्हणून कळ कमी जाणवू शकते, हे आम्हाला नंतर कळलं.

आता पॅकेजबद्दल. रक्त उपाशीपोटी घेतलं, सुई एकदाच टोचली, मुलीचा हात हलका. नंतर चहा आणि उपीट. उपीट गार होतं.

फॉर्मवर प्रश्न होता, ‘धूम्रपान करता का? होय / नाही’. समोर बसलेल्या आम्ही अकरा जणींनी न वाचल्यासारखी ‘नाही’वर खूण केली. वन्सं रोज सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. पण मिश्री कुणी ओढतं का? म्हणजे उत्तर खोटं नाही, आणि खरंही नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. आपल्याकडच्या बायकांसाठी फॉर्म छापायचा तर ही एक ओळ हवीच होती.

मग वजन, कंबर, बीपी. इथं मला राहवलं नाही. त्या मुलीनं टेप धरली ती साडीच्या निऱ्यांवरून, परकराच्या गाठीच्या रेषेत, आणि ३८ इंच लिहून मोकळी. मी म्हटलं, बाळ, टेप इकडं दे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या मधोमध, अंगालगत, श्वास सोडल्यावर. ३५ भरली. खूश व्हायचं कारण नव्हतंच. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर धोका धरतात, माझ्या हिशेबात साडेएकतीस इंच.

बीपीचंही तेच. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळला. वन्संची बाही घट्ट, ती वर सरकवली तर दंडाला दोरी बांधल्यासारखी काचली. त्यात वन्सं अखंड बोलत होत्या. १५२/९४ आलं. मी त्यांना पडद्याआड नेऊन हात बाहीतून काढायला लावला, पाच मिनिटं गप्प बसवलं (हे अवघड काम), पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. १३८/८६. आधीच्याच आकड्यावर गोळी सुरू झाली असती तर?

ईसीजीच्या खोलीत बाईच होती, हे चांगलं. पडदा मात्र अर्धवट. प्रत्येकीला ब्लाउज पूर्ण काढायला संकोच वाटतो, मग चिकटवायच्या पट्ट्या जिथं जागा मिळेल तिथं लागतात. माझ्या वेळी त्या बाईनं न लाजता, नीट जागा बोटांनी मोजून लावल्या. तिला पैकीच्या पैकी.

सगळ्यात मोलाचं निघालं ते डॉक्टरबाईंचं बोलणं. जाहिरातीत ‘तज्ज्ञांचा सल्ला’ एवढंच होतं, मला वाटलं सही करून हाकलतील. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, “बाळंतपणात बीपी वाढलं होतं का? साखर? पाळी कितव्या वर्षी गेली?” मला हसू आलं, हृदयाचा आणि पाळीचा काय संबंध? माझी ३८ व्या वर्षी पिशवी काढली, अंडाशयांसकट. त्या काळी आमच्या गल्लीत निम्म्या जणींची निघाली होती. बाई म्हणाल्या, अंडाशयांतल्या संप्रेरकाचं हृदयाला जे थोडंफार पाठबळ असतं ते तुमचं लवकर गेलं. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईलाही पुढं हृदयविकाराचा धोका जास्त, ती बाळंत होऊन पंचवीस वर्षं झाली तरी. माझ्या जावेला दोन्ही खेपेला पायांना सूज आणि बीपी होतं. तेव्हा बाळ हाती आलं, विषय संपला. तिच्या कुठल्याच कागदावर ते नाही.

वन्संचा ईसीजी ‘नॉर्मल’. त्या लगेच, “बघ, माझं हृदय ठणठणीत!” बाईंनी तिथंच थांबवलं. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी त्या क्षणाचं सांगतो. उद्या चढ चढताना नेहमीपेक्षा दम लागला, जबडा, पाठ, डावा-उजवा हात किंवा पोटाचा वरचा भाग दुखला, गार घाम आला, कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटलं, तर हा कागद दाखवत बसू नका. १०८ ला फोन करा, स्वतः स्कूटीवर येऊ नका. बायकांनाही छातीत दुखतंच, पण बऱ्याच जणी त्याला ‘दुखणं’ म्हणत नाहीत. ‘जड वाटतंय’ म्हणतात, आणि ऐकणारा ते पित्तावर ढकलतो. दवाखान्यात ‘पित्त झालंय’ असं आपणच निदान सांगायचं नाही, काय होतंय तेवढं सांगायचं आणि ईसीजी मागायचा.

माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१, सीमेवर. वन्संचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२. दोघींना सात दिवस घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून आणायला सांगितलं. गोळी त्यानंतर बघू म्हणाल्या.

बाहेर येताना काउंटरवरच्या मुलानं आणखी सहा हजारांची तपासणी ‘ऑफरमध्ये’ करून घ्या म्हणून गळ घातली. डॉक्टरबाई आत नुकत्याच ‘सध्या गरज नाही’ म्हणालेल्या! यासाठी एक तारा कापला. टेप आणि पट्ट्यासाठी अर्धा. पाचापैकी साडेतीन, आणि त्यातले अडीच त्या बाईंचे. पुन्हा जाईन, पण त्या आहेत का ते आधी फोनवर विचारून.

वन्संची मिश्रीची डबी अजून आहे. फक्त आता माझ्यासमोर उघडत नाहीत.

जाणार असाल तर जुनी बाळंतपणाची कागदं सापडली तर घेऊन जा. आणि ब्लाउज पुढच्या हुकांचा, सैल बाहीचा घाला. नसेल तर माझ्याकडं या, चार दिवसांत शिवून देते.