डीस्पेस की मुकुर्तू? पारंपरिक ज्ञानाच्या संग्रहापुरतं बोलायचं तर

डीस्पेस आणि मुकुर्तू या दोन्ही डिजिटल संग्रह सांभाळायच्या संगणकप्रणाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात डीस्पेस बहुधा आधीच चालू असतं. त्यामुळे एखाद्या आदिवासी समाजाची गाणी, वनौषधींची माहिती, मुलाखती हाती आल्या की प्रबंधांशेजारीच त्यांचा एक संग्रह उघडावासा वाटतो. त्यात गैर काही नाही. २००२ साली एमआयटी आणि एचपी यांनी ते आणलं तेच मुळी संशोधन जगापुढे खुलं करायला. न बदलणारे दुवे, फाइल बिघडली का याची तपासणी, इतर डिजिटल भांडारांना नोंदींची माहिती (मेटाडेटा) पुरवणं, या बाबतीत मुकुर्तू मला तरी मागेच वाटलं.

माझं घोडं अडलं ते परवानग्यांपाशी. डीस्पेसमध्ये संग्रहाची मूळ परवानगी बदलली तरी ती पुढच्या नोंदींनाच लागते; आधी चढवलेल्या तशाच राहतात. समाजाशी बोलणं मात्र असं एका बैठकीत संपत नाही. ही गाणी फक्त बायकांनी ऐकायची, हे कुणी जाणती बाई विश्वास बसल्यावरच सांगते. मग जुन्या नोंदी शोधा, त्यांच्या परवानग्या बदला. घाऊक बदलाची सोय आहे, पण ती प्रशासकाकडे. शिवाय फाइलला कुलूप लावलं म्हणून शीर्षक नि वर्णन झाकलं जात नाही, त्याची परवानगी निराळी. आणि पुष्कळदा झाकायचं असतं ते वर्णनच!

मुकुर्तूचा जन्म ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू समाजाबरोबरच्या कामातून झाला. तिथे मृत व्यक्तीचं छायाचित्र कुणाला दाखवायचं, हा खरा प्रश्न होता. म्हणून इथे नोंद कोणत्या प्रोटोकॉलखाली, म्हणजे कुणासाठी, हे ठरवल्याशिवाय ती जतनच होत नाही. सुरुवातीला हा जाच वाटतो. पण समाजाला विचारायचं राहून गेलं, असं मग सहसा होत नाही. एकाच वस्तूवर अभ्यासकाची आणि समाजाची अशा दोन नोंदी शेजारी ठेवता येतात, तेही मला फार आवडलं.

मुकुर्तू ड्रुपल या संकेतस्थळ-प्रणालीवर चालतं, तेव्हा ड्रुपल जाणणारं माणूस मात्र हाताशी हवं; ते नसेल तर डीस्पेसच बरं. सगळं साहित्य निर्धास्तपणे खुलं करण्यासारखं असेल तरीही डीस्पेसच. पण अटी पुढे बदलतील अशी शंका असेल, तर मी मुकुर्तूकडे झुकेन. मूळ ध्वनिफिती नि छायाचित्रांच्या पूर्ण दर्जाच्या प्रती दोन्हींच्या बाहेर, वेगळ्या साठवणीत ठेवाव्यात, आणि एक संच समाजाकडेही द्यावा.