‘बोटांची मापं पाठवा, लेआउट आम्ही बसवतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

नागपुरात मॉलमधल्या लेनवर बोलिंग खेळणाऱ्याला स्वतःचा बॉल घ्यायचा झाला, तर ड्रिलिंगसाठी, म्हणजे बॉलला बोटांचे होल पाडून घेण्यासाठी, बहुतेकदा बाहेरगावच्या माणसावर अवलंबून राहावं लागतं. फसवणूक नेमकी तिथेच होते. इथल्या एका तरुण खेळाडूनं वीस हजारांच्या घरातला १५ पौंडी रिॲक्टिव्ह (लेनला पकडून जास्त वळणारा) बॉल असाच मागवला. ड्रिलरनं व्हॉट्सॲपवर बोटांची मापं घेतली, पूर्ण पैसे आगाऊ घेतले आणि बिलात ‘स्पेशल लेआउट, ४.५ इंच’ म्हणून वेगळी रक्कम लावली. बॉल आला तो होल पाडूनच. लेनवर टाकल्यावर तो अर्ध्या वाटेतच वळायचा आणि पिनांपर्यंत जाईतो त्यातला जोर संपलेला असायचा. विचारलं तर उत्तर मिळालं, "तुमची रिलीज, म्हणजे बॉल सोडण्याची पद्धत, कच्ची आहे."

हे उत्तर खोटं होतं, आणि ते मोजून सिद्ध होतं.

लेआउट म्हणजे बॉलवर होल कुठे पाडायचे याची आखणी. त्यातले ४.५ इंच म्हणजे बॉलवरचा रंगीत ठिपका, म्हणजे बॉलची पिन, आणि खेळाडूचा पीएपी यांच्यातलं अंतर. पीएपी म्हणजे बॉल हातातून सुटताना ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं टोक. हा बिंदू प्रत्येकाचा वेगळा. तो न मोजता ४.५ हा आकडा लिहिताच येत नाही. त्या ड्रिलरनं पीएपी विचारलाच नव्हता. ग्रिपच्या, म्हणजे बोटांच्या होलांच्या जागेच्या, मध्यापासून सव्वापाच इंच बाजूला, असा ठोकळ आकडा धरून होल पाडले. या खेळाडूचा पीएपी निघाला चार इंचांवर. पिन ग्रिप आणि पीएपी यांच्या मधल्या भागात होती, त्यामुळे खरं अंतर साडेतीन इंचांच्या आसपास आलं. बॉलचा परीघ सुमारे २७ इंच, त्याचा चौथा भाग पावणेसात. पिन पीएपीवरच असो वा पावणेसात इंच दूर, फ्लेअर (बॉल लेनवर फिरताना त्याचा अक्ष सरकत जाणं) जवळजवळ शून्य. आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये, ३ ३/८ इंचांवर, तो सर्वांत जास्त. म्हणजे कमी तेलाच्या लेनसाठी (लेनवर तेलाचा थर देतात; तेल कमी तितका बॉल जास्त वळतो) बेताचा फ्लेअर हवा म्हणून पैसे मोजले, आणि हाती आला जवळपास कमाल फ्लेअरचा बॉल.

पीएपी मोजणं अवघड नाही. सध्याचा, नीट बसणारा बॉल तेल लावलेल्या लेनवर टाका आणि परत आल्यावर पुसू नका. त्यावर तेलाच्या कड्या दिसतात. त्यांतली सुटतानाची पहिली कडी जाणकाराकडून ओळखून घ्या आणि तिच्या सर्व बाजूंपासून समान अंतरावरचा बिंदू शोधा. तिथे पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवून पुन्हा टाका आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बघा. सुटताक्षणी टेप जागेवर स्थिर फिरली तर बिंदू बरोबर. ती गोल गोल भटकत असेल तर पुन्हा मोजा. मग ग्रिपच्या मध्यापासून किती इंच आडवं आणि किती वर किंवा खाली, हे दोन आकडे ड्रिलरला लेखी पाठवा. ज्याला हे आकडे नकोच असतात त्याला बॉल देऊ नका.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण ड्रिलिंग झालं की पुरावाच नाहीसा होतो. जुन्या बॉलचे होल रेझिननं भरून, घासून, पॉलिश करून तो नवा म्हणून विकला जातो. नवे होल जुन्यांवरच पाडले की बाहेर फक्त चंद्रकोरीएवढी रेघ उरते. टॉर्च तिरकस धरून होलच्या कडा बघा, नख फिरवा. रंगात किंचित फरक असतो. कारखान्यातल्या दोषामुळे स्वस्तात निघालेल्या बॉलवर फुल्यांच्या खुणा असतात, त्यांवरच नेमका होल पाडला जातो किंवा त्या घासल्या जातात. म्हणून अट घाला की होल पाडण्याआधी सीलबंद खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ हवा. त्यात खोक्यावरचा आणि बॉलवरचा अनुक्रमांक जुळलेला दिसला पाहिजे, वजनकाट्यावर १५ पौंड म्हणजे सुमारे ६.८ किलो दिसले पाहिजेत. एवढं मागितल्यावर टाळाटाळ झाली तर पैसे पाठवूच नका.

बिलातल्या आणखी काही ओळी निव्वळ लुटीच्या असतात. प्लास्टिक बॉलवर ‘खास लेआउट’चे पैसे घेतात, त्याच्या गाभ्यात फरक पडण्यासारखं फारसं काही नसतं, तिथे ग्रिप नीट बसणं एवढंच महत्त्वाचं. सिमेट्रिक, म्हणजे सममित, गाभ्याच्या बॉलला असिमेट्रिक म्हणजे असममित गाभ्याचा दर लावतात. आणि ‘हुक वाढवायला’, म्हणजे बॉल जास्त वळावा म्हणून, चौथा होल (बॅलन्स होल) विकतात. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसी या अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेच्या नियमांत बॅलन्स होलला परवानगीच नाही, त्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धेत असा बॉल चालत नाही.

तडा गेला की विक्रेता नागपूरच्या उन्हावर ढकलतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेला रिॲक्टिव्ह बॉल खरंच तडकू शकतो, म्हणून त्याला ही सबब मिळूच देऊ नका. बॉल घरात, सावलीत ठेवा. पण दोन बोटांच्या होलमधली भिंत पाव इंचापेक्षा बारीक ठेवली असेल, किंवा तडा भरलेल्या जुन्या होलच्या कडेपासून निघाला असेल, तर उन्हाला दोष देता येत नाही. कॅलिपरनं भिंत मोजा, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा.

फसवणूक लक्षात आल्यावर बॉल दुसऱ्याकडून भरून किंवा पुन्हा ड्रिल करून घेण्याची घाई करू नका, तोच पुरावा आहे. खोका, बिल, चॅट, यूपीआयची नोंद जपून ठेवा. पैसे घेऊन बॉल पाठवलाच नसेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. बॉल मिळाला पण सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क पडत नाही. तक्रारीत ‘बॉल नीट वळत नाही’ असं लिहू नका. बिलातला ४.५ इंचांचा आकडा आणि प्रत्यक्ष मोजलेलं अंतर शेजारी शेजारी लिहा, मोजतानाचा फोटो जोडा.