पुरळ उठलं, गोळी थांबली, पुन्हा सुरू झाली: डेफेरासिरॉक्सचा आमचा अनुभव

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलाला दोन गोष्टी सतत लागतात. एक रक्त आणि दुसरं, त्या रक्तासोबत अंगात साठणारं लोह बाहेर काढणारं औषध. रक्ताबद्दल सगळ्यांना माहिती असते. नेत्यांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिरं भरतात, चौकात फ्लेक्स लागतात. लोहाच्या औषधाबद्दल मात्र नातेवाईकच काय, गल्लीतले डॉक्टरसुद्धा फारसं बोलत नाहीत. म्हणून हे लिहितेय. आमची लेक पहिलीत आहे आणि डेफेरासिरॉक्स या लोह काढणाऱ्या औषधाची पाण्यात विरघळणारी गोळी घेते. सुरुवातीलाच तिच्या अंगावर पुरळ उठलं आणि गोळी बंद करावी लागली. आज तीच गोळी ती रोज घेते. ज्यांच्या मुलाला पहिल्या पंधरवड्यात असं काही झालंय आणि आता हे औषध हातचं गेलं असं वाटतंय, त्यांना यातून थोडा धीर मिळेल.

आधी थोडं गणित. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराकडे स्वतःची सोय नाही. निरोगी माणसाच्या शरीरातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं आणि जेवणातून तेवढंच येतं. दर तीन-चार आठवड्यांनी पिशवी चढणाऱ्या मुलात हे लोह यकृतात, हृदयात, हार्मोनच्या ग्रंथींत जमत राहतं. वरून पोर हसती-खेळती दिसते, त्यामुळे आजी-आजोबांना पटवणं अवघड जातं. शिवाय शेजारच्या काकू बीट, डाळिंब आणि गूळ घेऊन हजर असतात, 'रक्त वाढेल हो तिचं' म्हणत. त्यांची माया खरी आहे, पण आमच्याकडे लोह कमी नाही, जास्त आहे. शाळेत वाटली जाणारी लोहाची गुलाबी गोळीही हिला द्यायची नाही, असं बाईंना लेखी देऊन ठेवलंय. थॅलेसेमियाच्या प्रत्येक घराने ते करावं.

दहा-वीस वेळा रक्त चढलं किंवा फेरिटिन (साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १००० च्या पुढे गेलं की साधारणपणे किलेशन, म्हणजे औषधाने लोह बाहेर काढणं, सुरू करतात. जुना उपाय डेफेरॉक्सामिनच्या पंपाचा: पोटाच्या कातडीखाली सुई आणि रात्रीचे आठ ते बारा तास औषध थेंबथेंब आत, आठवड्यातल्या बहुतेक रात्री. रक्त चढवायला जातो त्या डे केअरमधल्या एका ताईंचा मोठा मुलगा त्यावर वाढला. त्या माउलीला माझा नमस्कार. दुसरं औषध डेफेरिप्रोन, तोंडाने, दिवसातून तीनदा. त्यात पांढऱ्या पेशी एकदम घसरायची भीती असते, म्हणून सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) सतत लक्ष ठेवावं लागतं. तिसरं डेफेरासिरॉक्स, दिवसातून एकदाच. अमेरिकेत याला २००५ मध्ये मंजुरी मिळाली आणि आता आपल्याकडे कितीतरी कंपन्यांचं मिळतं. डॉक्टर मॅडमनी हेच सुचवलं.

गोळी द्यायची पद्धत सोपी वाटते, पण तिचे नखरे आहेत. रिकाम्या पोटी, खाण्याच्या किमान अर्धा तास आधी, रोज एकाच वेळी. दूध चालत नाही, फसफसणारं पेय चालत नाही. पाणी नाहीतर संत्र्याचा किंवा सफरचंदाचा रस. गोळी पाण्यात टाकली की लगेच विरघळेल अशा भ्रमात राहू नका. ढवळत राहावं लागतं आणि तरी ती पूर्ण विरघळत नाही, पांढुरका गढूळ द्राव होतो. प्यायल्यावर तळाशी आणि कडेला खडूच्या भुकटीसारखा थर राहतो. खरी मेख तिथे आहे. थोडं पाणी घालून, पेला गोल फिरवून तेही प्यायला द्यायचं, नाहीतर औषधाचा भाग पेल्यातच राहतो. सकाळी शाळेच्या रिक्षाच्या घाईत हे करून बघा म्हणजे कळेल. आम्ही शेवटी उठल्याउठल्याची वेळ धरली. तोंड धुतलं की आधी पेला, मग वेणी, मग पोहे.

आता पुरळाकडे येते. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी फ्रॉक बदलताना पोटावर लालसर ठिपके दिसले. रात्रीपर्यंत पाठ आणि कानामागचा भाग भरला. खाज होती, ताप नव्हता. सासूबाई म्हणाल्या, अंगावर पित्त उठलंय, आणि आमसूल भिजत घातलं. यांना घामोळं वाटलं, कारण चैत्रातलं नाशिक. माझ्या डोक्यात रक्त, कारण दोनच दिवसांपूर्वी पिशवी चढली होती आणि मागे एकदा रक्त चालू असताना तिला गांधी उठून अ‍ॅव्हिल हे अ‍ॅलर्जीचं औषध द्यावं लागलं होतं. नव्या गोळीचा संशय सगळ्यात शेवटी आला.

मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी पुरळापेक्षा बाकीच्या गोष्टीच जास्त विचारल्या. ओठ, डोळे, चेहरा सुजलाय का? श्वास घेताना त्रास, आवाज बसणं? तोंडात फोड, डोळे लाल? कातडी सोलल्यासारखी किंवा फोड आल्यासारखी? ताप? लघवी कमी झालीये का? यातल्या एकालाही 'हो' असतं तर रात्रीच दवाखाना, थांबायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळ्याला 'नाही' होतं, म्हणून सकाळी दाखवायला बोलावलं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी द्यायची नाही म्हणाल्या. फोटो काढून ठेवा, वेळ लिहून ठेवा, हेही सांगितलं. फोटोंचा फार उपयोग झाला, कारण अशी पुरळं दवाखान्यात पोहोचेपर्यंत फिकी पडतात आणि समोरच्याला वाटतं, आई उगीच घाबरली.

सकाळी त्यांनी जे समजावलं ते तेव्हाच सुचलं असतं तर रात्र बरी गेली असती. रक्ताची अ‍ॅलर्जी सहसा रक्त चालू असताना किंवा संपल्यावर काही तासांत दिसते. दोन दिवसांनी नाही. तिचे गांधी उठतात, जागा बदलतात, विरतात. औषधाचं पुरळ बहुतेकदा सुरुवातीच्या आठवड्यांतच येतं, धडावर पसरतं, दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि टिकून राहतं. डेफेरासिरॉक्समध्ये पुरळ हा नेहमीच्या दुष्परिणामांपैकी एक आहे. सौम्य असेल तर गोळी न थांबवताही ते आपोआप जाऊ शकतं. जास्त असेल तर थांबवून, ओसरल्यावर कमी मात्रेने पुन्हा चढत जातात, गरज पडली तर थोडे दिवस स्टेरॉइडच्या आधाराने. मात्र तोंडात-डोळ्यांत फोड, कातडी सुटणं किंवा सूज-श्वास असं काही झालेल्या मुलाला ते औषध पुन्हा द्यायचं नसतं. हा फरक आई-बापाने घरी ठरवायचा नाही, हे मुद्दाम लिहितेय.

आमचं पुरळ ओसरलं. आमसूल लावलं होतं म्हणून, असं सासूबाईंचं ठाम मत आहे आणि मी वाद घातला नाही. खाज कमी झाली हे खरंच. गोळी बंद असतानाच पुढची रक्ताची तारीख आली. पिशवी चढली, अंगावर एक ठिपका नाही. तिथे माझ्या मनातून रक्त सुटलं आणि संशय गोळीवर येऊन बसला.

हा मधला काळ फार वाईट. औषध चालू असतं तेव्हा पुरळाची भीती, बंद असतं तेव्हा लोहाची. रात्री मोबाइल घेऊन बसले तर किलेशन शब्दाखाली भलतंच काही निघायला लागलं: ऑटिझमच्या मुलांना 'शरीरातला पारा काढतो' म्हणून हे उपचार देणारे लोक. त्याला शास्त्रीय आधार नाही. अमेरिकेत २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात अशा उपचारात पाच वर्षांचा एक मुलगा दगावला. रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरवणारं औषध त्याच्या शिरेतून दिलं गेलं होतं. ते वाचून हातपाय गार पडले. पण त्या औषधाचा आणि आमच्या गोळीचा काही संबंध नाही, आणि आमच्या पोरीच्या अंगात लोह खरोखर साठतंय, तपासणीच्या कागदावर आकडा आहे. हा फरक डोक्यात बसवून घ्या, मग शोधत बसा.

पुन्हा सुरुवात १०० मिलिग्रॅमपासून झाली. आधीची मात्रा ४०० होती, वजनाच्या किलोमागे २०. सोबत अ‍ॅलर्जीचं सिरप. काही दिवसांनी दंडांवर थोडे ठिपके आले. फोटो पाठवला, मॅडम म्हणाल्या चालू ठेवा, पण वरचे प्रश्न रोज स्वतःला विचारा. ठिपके गेले. मग १०० ची पायरी चढत चढत पूर्ण मात्रा. प्रत्येक पायरीला मी अंघोळीच्या वेळी तिला दिव्याखाली फिरवून बघायचे. ती वैतागून म्हणायची, 'आई, मी काय आंबा आहे का, डाग बघतेस ते?'

आता महिने झाले. दर महिन्याला क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी), लघवीतलं प्रोटीन आणि यकृताच्या तपासण्या. वर्षातून एकदा डोळे आणि कान. कानाची तपासणी तिला आवडते, हेडफोन लावून आवाज आला की बोट वर करायचं. एकदा उलट्या-जुलाब झाले तेव्हा गोळी लगेच थांबवायला सांगितलं होतं, कारण अंगातलं पाणी कमी असताना ही गोळी मूत्रपिंडाला महागात पडू शकते. तापाला पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन आम्ही विचारल्याशिवाय देत नाही. आणखी एक: डेफेरिप्रोनच्या मुलांची लघवी लालसर होते, त्यामुळे 'लोह जातंय' असं डोळ्यांना दिसतं. हिची होत नाही, कारण डेफेरासिरॉक्सने निघालेलं लोह मुख्यतः शौचावाटे जातं. रंग बदलला नाही म्हणून औषध लागू नाही असं समजू नका.

फेरिटिन खाली येतंय, हळूहळू. मध्ये एकदा सर्दी-तापात ते वर उडालं आणि माझं धाबं दणाणलं. तापात, संसर्गात हा आकडा आपसूक वाढतो, म्हणून एका कागदाकडे न बघता ओळीने चार कागद बघायचे. या गोळीला पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन. एक चवीचा आणि पेल्याच्या तळाचा कापला.

शेवटची गोष्ट दुकानाची. एकदा आमची नेहमीची गोळी संपली होती आणि दुकानदाराने वेगळा डबा पुढे केला. 'औषध तेच आहे ताई, ४०० च्या जागी ३६०, उलट कमीच आहे.' ती कोटिंगवाली, गिळायची गोळी होती. मी आधी फोन केला हे बरं झालं. कोटिंगवाली गोळी शरीरात जास्त शोषली जाते, म्हणून तिची मात्रा साधारण तीस टक्क्यांनी कमी धरतात. तिची ३६० म्हणजे आपली विरघळणारी ५०० च्या आसपास. कमी तर नाहीच, साधारण पंचवीस टक्के जास्त. पुरळाच्या पायऱ्या चढून आलेल्या मुलीत ही उडी मारायची नव्हती. तेव्हापासून डब्यावर औषधाच्या नावासोबत 'विरघळणारी' हा शब्द आहे का ते वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही.

पुढे मॅडम स्वतःच हिशेब करून तिला कोटिंगवाल्या गोळीवर नेणार आहेत, म्हणजे पेला आणि गाळ सुटेल. गिळायचा सराव म्हणून सध्या रंगीत बडीशेपेच्या गोळ्या चालू आहेत. ती त्या कुरुमकुरुम चावून खाते, त्यामुळे प्रगती अजून शून्य.