विणीसाठी मिश्र फिंच संच: पक्षी उत्तम, निवड सदोष

एका विक्रेत्याकडून घेतलेल्या या संचात झेब्रा, बेंगाली, गोल्डियन आणि कट-थ्रोट या फिंचांची (पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची) प्रत्येकी एक जोडी होती. पक्षी निरोगी होते आणि जोड्याही अचूक लावलेल्या होत्या. बेंगालीमध्ये नर केवळ त्याच्या गाण्यावरूनच ओळखावा लागतो, हे लक्षात घेता ही कामगिरी लहान नव्हे. मात्र हा संच ‘विणीसाठी सुसंगत’ असल्याचा विक्रेत्याचा दावा मला मान्य नाही. विणीच्या काळात कट-थ्रोट आक्रमक होऊन इतरांच्या घरट्यांत घुसतो. माझ्याकडे त्याने गोल्डियनची अंडी दोनदा बाहेर फेकल्यावर कट-थ्रोटच्या जोडीला स्वतंत्र पिंजऱ्यात हलवावे लागले. झेब्राही दिसतो तितका साधा नाही, कारण दुसऱ्याच्या घरट्यातील काड्या तो बिनदिक्कत पळवतो आणि शांत स्वभावाचे गोल्डियन निमूटपणे माघार घेतात. संचात चार जोड्यांना चारच घरटी देणे ही तर उघड चूक आहे; प्रत्येक जोडीमागे किमान दोन घरटी, तीही एकाच उंचीवर, हवीत, अन्यथा सर्वांत वरच्या घरट्यावरून भांडणे जुंपतात. कट-थ्रोटच्या बदली विक्रेत्याने आउल फिंच सुचवला, पण त्याचा झेब्राशी संकर होऊ शकतो. म्हणून मी स्वभावाने शांत असलेला स्टार फिंच मागून घेतला.