गळ्यात ओळखपत्र होतं म्हणून

डिसेंबरात गाडीत तंबू टाकून एकटीच भंडारदऱ्याला गेले होते. पहिली रात्र मुरशेतच्या बाजूला जलाशयाकाठी काढली, सूर्योदय पाहिला आणि तंबू तिथेच ठेवून रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला निघाले. पुढे साम्रदची सांदण दरी पाहायची होती.

देवळाबाहेर एक माणूस भेटला. खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पावतीपुस्तक. गाडीत डोकावून म्हणाला, "मॅडम, एकट्याच का?" मी हो म्हटलं. तिथूनच सगळं सुरू झालं.

सकाळी वनखात्याच्या नाक्यावर घेतलेली प्रवेशाची पावती मी दाखवली. ती साम्रदला चालत नाही म्हणाला. सांदणला वेगळा परवाना, एकट्या बाईला गाईडशिवाय सोडत नाहीत, मागच्या महिन्यात एक जण आत अडकला होता. सगळं काळजीच्या सुरात. दोनशे फुटांहून खोल दरी, सुरुवातीलाच थंड पाण्याचा डोह, हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे पटलंही. परवाना, गाईड, पार्किंग मिळून १८०० रुपये. "पुढे रेंज नाही, इथंच भरा." रेंज खरोखरच जेमतेम होती. त्याने मोबाइलवर क्यूआर दाखवला. पैसे पाठवताना खात्याचं नाव दिसतं, ते एका माणसाचं होतं, सरकारी खात्याचं नव्हे. मी ते वाचलं, आणि तरीही पिन टाकला. त्याने पावती फाडून दिली, गाईड साम्रदच्या पारावर उभा असेल म्हणाला. जाता जाता विचारलं, "तंबू कुठं टाकलाय?" मी तेही सांगून टाकलं.

साम्रदला कोणीच नव्हतं. अर्धा तास थांबले, त्या माणसाला फोन लावला तर लागेना. शेवटी एका घरी विचारलं. ज्या घरात पर्यटकांसाठी पिठलं-भाकरी करतात त्या मावशींनी पावती हातात घेतली आणि मुलाला हाक मारली. त्याने दोन्ही पावत्या शेजारी धरल्या. नाक्यावरच्या पावतीवर छापील क्रमांक होता, या पावतीवर नव्हता. शिक्का तर वाचताच येत नव्हता. "ताई, असे पैसे देवळापाशी कुणी घेत नाही. आमचं नाव खराब होतंय यानं," तो म्हणाला. गाईडचं काम करणाऱ्या इथल्या पोरांचं पोट पर्यटकांवर चालतं, त्यामुळे त्याचा राग मला माझ्या रागापेक्षा खरा वाटला.

मग तंबूची आठवण झाली आणि पोटात गोळा आला. मी एकटी आहे आणि रात्री कुठे झोपते, हे त्या माणसाला ठाऊक होतं. मुलगा दुचाकीवर माझ्या गाडीपुढे मुरशेतपर्यंत आला. तंबू जागेवर होता, पण मी तो उतरवला आणि रात्र मावशींच्या अंगणात काढली. सांदण दुसऱ्या दिवशी त्या मुलाबरोबरच पाहिली.

रेंज मिळाल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट होते म्हणून नोंद पटकन झाली. असं काही घडलं तर घरी पोचेपर्यंत थांबू नका, तोवर पैसे दुसरीकडे वळवलेले असतात. आणि एकट्या निघणाऱ्या बायांनो, कोणी विचारलं तर "मागच्या गाडीत घरचे आहेत" एवढंच सांगा. मुक्काम कुठे आहे ते ज्या घरी जेवता त्यांना सांगा, रस्त्यावरच्या माणसाला नको. माझे १८०० रुपये अजून परत आलेले नाहीत.