भेसळीची तक्रार: अन्न व औषध प्रशासन की ग्राहक आयोग?
पनीर भेसळीचं वाटलं, तर दार कुणाचं ठोठवायचं?

प्रशासनाचा अधिकारी दुकानातून नमुना घेऊन त्याचे चार भाग करतो. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाने तो मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. नमुना असुरक्षित ठरला तर विक्रेत्यावर खटला भरता येतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार, खरेदी करतानाच विक्रेत्याला सांगून, शुल्क भरून ग्राहकही तपासणी करून घेऊ शकतो. दोष निघाला तर शुल्क परत मिळतं. ही तरतूद घरोघरी माहीत व्हायलाच हवी.

जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मिळते. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षं. पण निकाल लांबतो, आणि तोवर तेच पनीर शेजाऱ्यांच्या ताटात जात राहतं. म्हणून मी आधी प्रशासनाकडे जाईन. अहवाल आयोगापुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.