बारावीची पोरं, त्यांचे मित्र आणि क्रूझ: मुंबईहून की सिंगापूरहून?

सतरा-अठरा वर्षांचं पोर आईवडिलांबरोबर सहलीला यायला तयार होतं ते एकाच अटीवर: सोबत मित्र हवा. आमच्याकडे ही अट दोनदा आली. थोरलीच्या वेळी तिची एक मैत्रीण घेऊन आम्ही मुंबई-गोवा केलं, धाकट्याच्या वेळी त्याचे दोन मित्र घेऊन सिंगापूर गाठलं. त्यानंतर ओळखीतल्या इतक्या जणांनी ‘कुठलं घेऊ?’ म्हणून विचारलं, की आता एकदा लिहूनच टाकते.

क्रूझच का, ते दोन वाक्यांत. कोकणात बंगला घेतला तर ही मंडळी जेवण झाल्यावर अंधारात समुद्रावर जातात आणि आपण गॅलरीत जागे. जहाजावर रात्री साडेबारापर्यंत दिसली नाहीत तरी ती जहाजावरच आहेत एवढं नक्की असतं.

आता दोन पर्याय. पहिला, मुंबईच्या बंदरातून निघणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’: दोन-तीन रात्रींचं गोवा, नाहीतर त्याहून लांबचं लक्षद्वीप. दुसरा, सिंगापूरहून निघणारी मोठी जहाजं. त्यात वर्षभर तिथून फिरणारं ‘जेंटिंग ड्रीम’ आलं, आणि हंगामात येणारी रॉयल कॅरिबियनची जहाजं आली. एजंट तुम्हाला आधी घसरगुंड्या दाखवेल. तुम्ही आधी सगळ्या पोरांच्या जन्मतारखा कागदावर लिहा.

अठराची रेघ

मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर अठराव्या वाढदिवसाला फार महत्त्व असतं. रॉयल कॅरिबियनचा किशोरांचा क्लब १२ ते १७ वयाचा. मुलगा सतराचा आणि त्याचा मित्र गेल्या महिन्यात अठराचा झालेला असेल, तर मित्राला तिथं प्रवेश नाही. उलट आशियातून निघणाऱ्या त्यांच्या जहाजांवर अठराव्या वर्षी बारमध्ये दारू मिळते. म्हणजे एकाच वर्गातली, एकाच बाकावरची दोन मुलं, आणि रात्री दहा वाजता एकाला एका दारातून आत घेत नाहीत, दुसऱ्याला दुसऱ्या. वर त्या अठराच्या मित्राने काही घेतलं तर ते कायद्याने चूक नाही, पण त्याच्या आईला फोनवर सांगायचं तुम्हालाच.

मुंबईच्या जहाजावर ही भानगड जवळजवळ नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५, गोव्यात २१. अठरा काय आणि सतरा काय, दोघंही सारखेच लहान. किशोरांसाठी वेगळा मोठा क्लब नसणं ही एरवी उणीव वाटेल, पण मिश्र वयाच्या टोळक्याला तीच सोयीची पडते. डेकवरचं डीजेचं गाणंबजावणं, थिएटरमधला कार्यक्रम, सगळीकडे सगळे एकत्र. थोरली आणि तिची मैत्रीण यांच्यात सात महिन्यांचं अंतर होतं, बरोब्बर अठराच्या अलीकडे-पलीकडे. तिथं ते जाणवलंही नाही.

याच रेघेचा दुसरा फटका पासपोर्टला. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोपर्यंतचा असतो. आता मित्र समजा साडेसतराच्या पुढे गेलेला आहे आणि पासपोर्ट तेराव्या वर्षी काढलेला. पुस्तिका नवीकोरी दिसते, पण मुदत वाढदिवसाला संपते, आणि परदेशात जायला ६ महिन्यांची मुदत शिल्लक लागते. १५ ते १८ या वयात १० वर्षांच्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. ‘पासपोर्ट आहे ना?’ एवढंच विचारू नका. शेवटच्या तारखेचा फोटो मागवा. आमच्या तिघांतल्या एकाचं हेच निघालं. सुदैवाने फोटो चार महिने आधी मागवला होता.

सिंगापूरच्या व्हिसाचंही तसंच. तो अधिकृत एजंटांमार्फत काढावा लागतो, आणि जहाजावर चढण्याआधी एकदा व परतल्यावर एकदा असे दोन प्रवेश होत असल्याने एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. वाटेत लागणाऱ्या मलेशिया आणि थायलंडच्या व्हिसामाफीचे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. मुंबई-गोव्याला यातलं काही नाही, आधार कार्डावर काम भागतं. लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो.

परीक्षा आणि पाऊस

बारावीच्या पोराची सुट्टी कधी सुरू होते याचं सोपं उत्तर नाही. बोर्ड मार्चमध्ये संपतं, मग जेईई, मग सीईटी, आणि डॉक्टर व्हायचं असेल तर मे महिन्यातली नीट. सगळ्या मित्रांची सुट्टी एकत्र जुळते ती बहुधा जूनमध्ये. आणि जूनमध्ये अरबी समुद्र खवळलेला असतो. गेली काही वर्षं एम्प्रेस पावसाळ्यात मुंबई सोडून चेन्नईच्या बाजूला जातं. तेव्हा नीटवाला मित्र गटात असेल तर मुंबईचा पर्याय आपोआप बाद. दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत अकरावीची पोरं नेणार असाल तर मुंबईच बरी.

सिंगापूरला जून चालतो, पण तेव्हा तिथल्याही शाळांना सुट्टी असते. भाडं चढं, घसरगुंडीपाशी रांग. रॉयल कॅरिबियनचं कुठलं जहाज कुठल्या महिन्यात तिथं असेल हे दर वर्षी बदलतं, तेव्हा ‘सिंगापूर क्रूझ’ म्हणून बुक न करता जहाजाचं नाव आणि तारीख पाहूनच बुक करा.

जहाजावर करायचं काय

एम्प्रेस १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने समुद्रात उतरलं, तेही मायामीहून बहामाजच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठीच बांधलेलं. २०२१ पासून ते मुंबईहून तसल्याच छोट्या फेऱ्या करतंय. लांबी २११ मीटर, अकरा डेक. पोहण्याचा तलाव, चढायची भिंत, थिएटर, कसिनो (पोरांना बंद), गाणी. पहिल्या संध्याकाळी पोरांनी सगळं जहाज पालथं घातलं, दुसऱ्या दिवशी तलाव आणि पत्ते, दुसऱ्या रात्री नाच. तिसऱ्या रात्रीनंतर काय, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून लक्षद्वीपची लांब फेरी मी मित्रांच्या टोळक्यासाठी सुचवत नाही. समुद्र देखणा आहे, पण वाटेतले दिवस लांबलचक, आणि बेटाजवळ जहाज धक्क्याला न लागता बाहेर नांगर टाकून उभं राहतं. लहान बोटीतून उतरावं लागतं, आणि समुद्राने मनावर घेतलं तर उतरणंच रद्द. हे आजी-आजोबांना आवडेल.

जेंटिंग ड्रीम २०१६ चं, ३३५ मीटर लांब, आकारमानाने एम्प्रेसच्या तिप्पट. पाण्याच्या सहा घसरगुंड्या, उंचावरचा दोरांचा खेळ, त्यातच समुद्रावर लटकत जाणारी झिपलाइन, चढायची भिंत, बोलिंग. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर तर हवेत तरंगायचं यंत्र, कृत्रिम लाटेवरचं सर्फिंग आणि बंपर कारही असतात. आमचे तिघं चार रात्रींत कंटाळले नाहीत. आम्हाला ते फक्त जेवणाच्या टेबलावर भेटले. रात्रीचं जेवण एकत्र, हा आमचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी पाळला.

खाण्याची काळजी दोन्हीकडे सारखीच कमी. एम्प्रेसवर घरच्यासारखं, जैनसुद्धा. जेंटिंग ड्रीमवर भारतीय शाकाहारी मिळतं. फक्त रॉयल कॅरिबियनवर कोला-बिला भाड्यात धरलेलं नसतं, आणि सतरा वर्षांची तीन पोरं दिवसाला किती कोला पितात हे बिलावरूनच कळतं.

धक्क्यावर उतरल्यावर

माझ्या मते खरा निर्णय इथं आहे, कारण जहाजावर पोरं सुरक्षित असतात आणि बंदरात ती तुमच्या नावावर असतात.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून साधारण ३० किलोमीटर, बागा-कळंगूट आणखी पुढे. हातात असतो मोजका वेळ. मग पोरांच्या तोंडून वाक्य येतं, ‘स्कूटर भाड्याने घेऊ या ना!’ इथं मी ठाम नाही म्हणाले, आणि थोरली अर्धा दिवस फुगून बसली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. स्वतःच्या पोराचं एक वेळ सोडा, दुसऱ्याच्या पोरीला भाड्याच्या स्कूटरवर बसवून मी अनोळखी रस्त्यावर पाठवू? आम्ही टॅक्सी केली, पणजीत फोंतेन्हास हा जुना पोर्तुगीज वळणाचा भाग फिरलो, मासे खाल्ले, वेळेत परत.

सिंगापूरच्या फेरीत लागणारं मलेशियातलं पिनांग याच्या अगदी उलट. जहाज जॉर्ज टाउनच्या धक्क्याला लागलं की जुनं शहर समोरच, चालत. २००८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. भिंतींवरची चित्रं, खाण्याच्या गाड्या. मित्रांना तीन तास मोकळं सोडायचं असेल तर याहून सोपी जागा मी पाहिली नाही. ज्या फेरीत पिनांग आहे तिला माझी जास्त पसंती, थायलंडच्या फुकेतपेक्षाही.

फुकेत पोरांना हवं असतं, आणि तिथं सगळे गोव्याचेच मोह मोठ्या आकारात भेटतात. त्यात एक साधी गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवतो, जहाज मात्र आपल्याच वेळेवर चालतं. पोराच्या मोबाइलवर चार वाजलेले असतात तेव्हा जहाजावर पाच. जहाज कुणासाठी थांबत नाही. मनगटी घड्याळ प्रत्येकाच्या हातात हवं, आणि ते जहाजाच्या वेळेला लावलेलं.

दुसरं, थोडं अवघड बोलणं. व्हेप सिंगापुरात नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. फुकेतला गांजाच्या दुकानांच्या पाट्या दिसल्या तरी परतीचं बंदर सिंगापूर आहे, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत तिथला कायदा जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक. हे आपल्या मुलाला सांगणं सोपं. मित्रांना सांगताना मी त्यांच्या आयांना आधी विचारलं आणि मग तिघांना एकत्र बसवून सांगितलं. तिघंही जमिनीकडे बघत होते. चालतं.

पैसे, केबिन आणि दुसऱ्याचं पोर

भाडं दोन माणसांच्या केबिनवर धरलेलं असतं. तिसरा-चौथा त्याच केबिनमध्ये असला तर स्वस्त पडतो. कागदावर हे आकर्षक दिसतं. पण एकच न्हाणीघर आणि पोरांच्या ओल्या चड्ड्या वाळत घातलेल्या, यात चार रात्री काढून बघा. त्यातून एम्प्रेसच्या केबिन जुन्या मापाच्या, म्हणजे लहान. दोन शेजारच्या केबिन घ्या. बुकिंग करताना मात्र प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस दाखवावं लागेल का, ते कंपनीला विचारा. कागदावर नवरा एका केबिनमध्ये आणि बायको दुसरीत, असं लिहिलेलं असलं तर दचकू नका.

मित्र एकच किंवा तीन घ्या, दोन नकोत. आम्ही दोन नेले, आणि रोज तिघांतला एक कुणीतरी बाहेर पडलेला असायचा.

मित्राच्या घरच्यांशी पैशांचं आधीच आणि आकड्यातच बोला. भाडं, बंदर कर, विमान, व्हिसा, जहाजावरची बक्षिशी (रॉयल कॅरिबियनवर दर माणशी दर दिवशी १८ डॉलरच्या आसपास), विमा, आणि वायफाय. वायफायचे पैसे वेगळे असतात आणि या वयाला ते जेवणाहून महत्त्वाचे, तेव्हा ते पोरांच्या खिशातूनच जाऊ द्यात. मोबाइल एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग लागून भलतं बिल येतं. केबिनचं कार्ड हेच जहाजावरचं पाकीट असतं, म्हणून काउंटरवर जाऊन पोरांच्या कार्डांवर मर्यादा घालून घ्या. परदेशी सहलीवर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. सगळं बुकिंग तुमच्या पॅनवर केलं तर मित्राच्या वाट्याचा टीसीएसही तुमच्याच खात्यात दिसेल, आणि तो हिशेब वर्षाअखेरीस कुणालाच आठवत नाही. शक्य असेल तर मित्राचं बुकिंग त्याच्या वडिलांच्या पॅनवर करा.

मुंबईची फेरी या सगळ्यात हलकी. विमान नाही, व्हिसा नाही, एक दिवस आधी जाऊन हॉटेलात राहणं नाही. सिंगापूरला ते करावंच लागतं. विमानातून उतरून त्याच दुपारी जहाज पकडायचं धाडस मी करणार नाही. पहिल्यांदाच कुणाचं पोर सोबत नेत असाल, त्याच्या घरच्यांशी ओळख जेमतेम असेल, तर आधी मुंबई-गोवाच करा. दोन रात्रींत कळतं की तो मित्र तुमचं ऐकतो का. मैत्री शाळेपासूनची असेल, सगळे अठराच्या एकाच बाजूला असतील आणि चार महिने हाताशी असतील, तर सिंगापूर. माझा धाकटा आणि त्याचे मित्र अजून त्या झिपलाइनबद्दल बोलतात. गोव्याचा विषय निघाला की थोरली फक्त स्कूटरबद्दल बोलते.

मित्राचं अख्खं कुटुंब सोबत घेणं हाही एक मार्ग आहे. कागदपत्रं निम्मी होतात. पण मग चार मोठ्यांचं जमावं लागतं, आणि ते पोरांच्या जमण्यापेक्षा अवघड.

अठराच्या आतला मित्र एकटा येणार असेल तर त्याच्या पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. मुलाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जहाजाचं नाव, तारखा, तुमचं नाव, आणि गरज पडल्यास वैद्यकीय उपचाराला तुम्ही होकार देऊ शकता हे वाक्य. हे शेवटचं वाक्य विसरू नका. मुंबईच्या फेरीलाही मी ते करून नेलं. अॅलर्जी, दम्याचा पंप, कुठली गोळी चालत नाही, हे त्याच पत्रामागे त्याच्या आईच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. दोन प्रती करा. एक तुमच्या पर्समध्ये, एक पोराच्या बॅगेत. सही त्याच्या आईवडिलांची हवी, म्हणून नोटरीकडे जाताना त्यांनाच घेऊन जा.